काटा खाली आला तेव्हा
(प्रस्तावना)

सौदीतल्या हरधपासून अमिरातीच्या सरहद्दीवरच्या बत्‌ह्यापर्यंत जाणारा रस्ता सुमारे २४० किलोमीटर सरळ आहे. वळण नाही, सांगण्यासारखा चढउतार नाही. दोन्ही बाजूंना रुब अल खालीची वाळू आणि समोर डांबरावर थरथरणारी हवा. काही वर्षांपूर्वी जुलैतल्या एका दुपारी या रस्त्यावरून मला फोन आला. मंडणगड तालुक्यातला मुलगा होता, हायलक्स पिकअप चालवायचा. म्हणाला, "काका, गाडी बंद पडली. स्टार्टर फिरतोय, पण गाडी उचलत नाही." मी विचारलं, हिट झाली होती का? "झाली होती. काटा लालपर्यंत गेला. मी एसी बंद केला, स्पीड कमी केला, तर दोन मिनिटांत काटा आपोआप खाली आला. मधल्या रेघेच्याही खाली. म्हटलं थंड झाली, म्हणून परत दाबली."

पुढचं मला ऐकावं लागलं नाही. रेडिएटरचा वरचा पाइप फाटला होता आणि पाणी रस्त्यावर सांडून गेलं होतं. इंजिनातला टेम्परेचर सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पाणी गेलं की तो पोकळीत कोरडा लटकतो आणि आजूबाजूच्या वाफेचं जे काही तापमान असेल ते कळवतो. धातू भाजून निघत असताना काटा खाली येतो तो असा. त्या गाडीच्या हेडला बाक आला, गॅस्केट उडालं. खर्च मालकाने मुलाच्या पगारातून महिन्या-महिन्याला कापून घेतला आणि त्याची त्या वर्षीची सुटी बुडाली. नंतर खोलीवर भेटला तेव्हा त्याने एकच प्रश्न पुन्हा विचारला : "पण काका, काटा तर खाली आला होता ना?"

या पुस्तिकेची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली. सौदीत आपली मराठी माणसं फार गाड्या चालवतात. कोकणातून आखातात येण्याची रीत १९७० च्या दशकापासूनची. घरचा ड्रायव्हर, कंपनीची बस, पिकअप, ट्रेलर, जुबैलच्या कारखान्यांतली सर्व्हिस गाडी, सगळीकडे रत्नागिरी-रायगडची माणसं भेटतात. गाडी त्यांची नसते, पण बिघडली की जाब त्यांना द्यावा लागतो. सनाइयातल्या (औद्योगिक भागातल्या) वर्शात (गॅरेजात) जे काही बोलणं होतं ते अरबीत, उर्दूत किंवा मल्याळीत. त्यात आपल्या माणसाच्या हाती स्वतःचं असं ज्ञान असावं, निदान टेम्परेचर सेन्सर या एका लहानशा वस्तूबद्दल तरी, एवढ्यासाठी हे लिहिलं.

वस्तू खरंच लहान आहे. अंगठ्याएवढी, खाली पितळेचं टोक, मध्ये षट्‌कोनी बूड, वर प्लास्टिकचा कपलर. टोकाच्या आत थर्मिस्टरचा एक कण असतो. साध्या तारेचा विद्युतरोध तापल्यावर वाढतो; याचा उलटा, तापेल तसा कमी होतो. काही पदार्थ असे वागतात हे मायकेल फॅरडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडवर प्रयोग करताना पाहिलं होतं. मोटारीत त्याचा उपयोग व्हायला मात्र फार काळ गेला. त्याआधीच्या गाड्यांत तर रेडिएटरच्या टोपणावरच तापमापक उभा केलेला असे. १९१२ मध्ये पेटंट मिळालेला 'बॉइस मोटोमीटर' तो हाच. ड्रायव्हरने काचेतून बॉनेटच्या टोकाकडे पाहायचं आणि लाल द्रव किती चढलाय ते ओळखायचं. तोही पाण्यावरची वाफ मोजायचा, त्यामुळे पाणी कमी झालं की त्याच्यावरही विश्वास ठेवता येत नसे. हरधच्या रस्त्यावरची चूक शंभर वर्षं जुनी आहे.

१९६७ मध्ये बॉशने फोक्सवॅगनच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणलं, तेव्हापासून या सेन्सरचं काम बदललं. त्याआधी तो फक्त ड्रायव्हरला सांगत होता. आता तो कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर त्याच्या शब्दावर पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, फॅन कधी फिरवायचा, एसीचा कॉम्प्रेसर चालू ठेवायचा की तोडायचा, हे सगळं ठरवतो. एका साक्षीदाराच्या जबानीवर इतके निर्णय होतात. म्हणून तो खोटं बोलायला लागला की रोग भलत्याच ठिकाणी दिसतो. कोणी म्हणतं पेट्रोल जास्त खाते, कोणी म्हणतं सकाळी चालू व्हायला त्रास देते, कोणी एसीत गॅस भरून येतो.

एसीचंच सांगतो. दम्माममध्ये उन्हाळ्यात एका घरच्या ड्रायव्हरने दोन महिन्यांत तीन वेळा एसीत गॅस भरून घेतला. सिग्नलला उभं राहिलं की एसी गरम हवा फेकायचा, हायवेला लागलं की पुन्हा थंड. मागच्या सीटवर मालकिणीची लहान मुलं, त्यामुळे रोज बोलणी. गॅस पुरेसा होता. पुष्कळ गाड्यांत इंजिनाचं तापमान ठरावीक मर्यादेपुढे गेलं की कॉम्प्युटर स्वतःहून कॉम्प्रेसर बंद करतो, इंजिनावरचं ओझं कमी व्हावं म्हणून. या गाडीचा एक फॅन मेलेला होता. सेन्सर खरं सांगत होता, कॉम्प्युटर बरोबर वागत होता, आणि दुरुस्ती चालली होती तिसऱ्याच वस्तूची. सेन्सर बदलण्याच्या पुस्तिकेत मी हा प्रसंग मुद्दाम सांगतोय, कारण सेन्सर बदलायच्या आधी तो दोषी आहे का हे शोधणं हेच यातलं मोठं काम आहे. बदलणं पंधरा-वीस मिनिटांचं. ओळखायला डोकं लागतं.

हे ओळखायला सौदीत जास्त अवघड का जातं, त्यामागे साधं गणित आहे. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ७० अंशांचा. रियाधच्या किंवा अल अहसाच्या दुपारी हवा ४८ वर गेली की फरक ४७ उरतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच फॅन, तेच पाणी, आणि थंड करण्याची ताकद एक तृतीयांशाने गेलेली. त्यात रेडिएटरच्या पुढ्यात एसीचा कंडेन्सर आपली उष्णता ओकत बसलेला, आणि दोघांच्या जाळीत शमाल वाऱ्याने आणलेली धूळ. २२ जून २०१० रोजी जेद्दात पारा ५२ अंशांवर गेला होता. अशा हवेत गाडी खरोखरच तापते. आणि म्हणूनच काटा वर गेला की प्रत्येकाला ते खरंच वाटतं, सेन्सरवर संशय येत नाही. किंवा याच्या उलट : "इथे सगळ्याच गाड्या हिट होतात" म्हणून खऱ्या इशाऱ्याकडे कानाडोळा होतो.

मक्केकडून ताइफला चढणारा अल हदाचा घाट तर ज्याला गाडी कळते त्याने एकदा काट्याकडे लक्ष ठेवून चढावा. ताइफ समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटरवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं. इंजिन तर ९० च्या घरातच चालतं. मग पाणी उकळत का नाही? रेडिएटरच्या टोपणाने धरलेल्या दाबामुळे, आणि त्यात मिसळलेल्या कूलंटमुळे. सव्वाशे अंशांपर्यंत ते उकळू नये अशी ती योजना असते. टोपणाचं रबर चिरलं की योजना संपली. कोकणातून कराडला जाताना कुंभार्ली घाटात जीप उकळली की आपण वळणावरच्या झऱ्यातून डबा भरून आणत असू. इथे बारमाही वाहणारी एकही नदी नाही, मग झरा कुठला. आपल्या हाताला लागलेली ही सवय, पाणी ओतलं की झालं, इथे दोनदा घात करते : एकदा पाणी मिळत नाही म्हणून, आणि दुसऱ्यांदा विहिरीचं खारं पाणी मिळालं म्हणून. खाऱ्या पाण्याची पांढरी पुटं सेन्सरच्या पितळेवर चढतात आणि त्याला उष्णता उशिरा कळू लागते. बर्फ पडत नाही तर कूलंट कशाला, असं म्हणणारे भेटतात. उकळबिंदू वर नेण्यासाठी आणि गंज थोपवण्यासाठी, एवढं उत्तर त्यांना पुरे व्हावं.

आता सेन्सरच्या आकड्यांकडे येतो. मला हा विषय ज्या दिवशी खऱ्या अर्थाने समजला तो दिवस वर्शातला नाही, खोलीवरचा आहे. शुक्रवारची सुटी होती. एका टोयोटाचा काढलेला सेन्सर मी घरी आणला होता. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने सोडलेला सेन्सर आणि शेजारी तापमापक. मल्टिमीटरच्या दोन पिना सेन्सरच्या दोन टोकांना. नळाचं पाणी उन्हाळ्यात इथे गरमच येतं, म्हणून आधी बर्फ घालून २० अंशांवर आणलं. मीटरवर जवळजवळ अडीच हजार ओहम. गॅस पेटवला. चाळीसला आकडा निम्म्याहून खाली आला. साठला सहाशेच्या आसपास. ऐंशीला सव्वातीनशे. पाण्याला बुडबुडे फुटायला लागले तेव्हा दोनशेच्या आत. आकडे उतरताना मी पाहत होतो ते असं, की सुरुवातीला एकेका अंशाला शंभराच्या घरात फरक पडत होता आणि शेवटी एकेका अंशाला पाच-सहा ओहमचा. म्हणजे जिथे अचूकपणा सगळ्यात गरजेचा, तिथेच या सेन्सरची हालचाल सगळ्यात बारीक.

यातूनच समुद्रकिनाऱ्यावरच्या गाड्यांचा एक रोग मला उलगडला, जो पुढे मी जुबैल आणि दम्मामला कितीतरी वेळा पाहिला. तिथे रात्री दमटपणा इतका की काच ओली होते. कपलरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा गंज धरतो आणि त्या गंजाचा स्वतःचा रोध, समजा, तीनशे ओहम. सकाळी इंजिन गार असताना अडीच हजारात तीनशे मिळाले तर कॉम्प्युटरची चूक दोन-तीन अंशांची, कोणाच्या लक्षातही येत नाही. पण इंजिन ९० अंशांवर आलं, सेन्सर अडीचशेच्या खाली उतरला, आणि त्यात तेच तीनशे मिळाले की कॉम्प्युटरला वाटतं पाणी साठ-पासष्ट अंशांवर आहे. तो पेट्रोल जास्त सोडतो, कारण इंजिन अजून गार आहे असा त्याचा समज. फॅन लावत नाही, कारण गरज नाही असा समज. एक्झॉस्टला काळपट धूर, फहसला (गाडीच्या नियमित तपासणीला) गेलं की धुराच्या चाचणीत नापास, आणि ट्रॅफिकमध्ये गाडी प्रत्यक्षात उकळायला आलेली. चेक-इंजिनचा दिवा लागेलच असंही नाही, कारण पासष्ट अंश हा काही अशक्य आकडा नाही. तार पूर्ण तुटली तर बरं. कॉम्प्युटरला उणे ४० दिसतं, त्याला लबाडी कळते, तो पी ०११८ हा कोड नोंदवून दिवा लावतो आणि बहुतेक गाड्यांत फॅन सतत फिरवत ठेवतो. सगळ्यात महाग पडतो तो थोडंसंच खोटं बोलणारा सेन्सर.

अशा गाडीचा सेन्सर बदलला की दोन दिवस बरं वाटतं, कारण कपलर काढताना-घालताना पिना घासल्या जातात. मग पुन्हा तेच. मग "तिजारी होता, असली टाकायला हवा होता" अशी चर्चा. तिजारी म्हणजे बाजारी माल आणि असली म्हणजे कंपनीचा. वकालात (कंपनीच्या एजन्सीत) घ्यायचा की दुकानात, की तशलीहमधून भंगारातल्या गाडीचा काढून आणायचा, हा इथला रोजचा प्रश्न. टोयोटा इथे १९५५ पासून अब्दुल लतीफ जमील यांच्या एजन्सीतून येते, त्यामुळे तिचे सुटे भाग लहान गावातही मिळतात आणि तितकीच त्यांची नक्कलही मिळते. माझं मत विचाराल तर सेन्सरच्या बाबतीत तशलीहचा माल घेऊ नये. दरवाजा, आरसा, बंपर जरूर घ्यावा. पण सेन्सर किती वर्षं कुठल्या पाण्यात बुडून होता हे त्याच्याकडे पाहून कळत नाही, आणि नवा कंपनीचा सेन्सर हा गाडीतला काही फार महागाचा भाग नाही.

शब्दांनीही नुकसान होतं, म्हणून या पुस्तिकेत मी प्रत्येक भागाचं इथलं नाव दिलं आहे. 'हरारा' म्हणजे उष्णता. 'हस्सास हरारा' म्हणजे आपला सेन्सर. आणि 'बलफ हरारा' म्हणजे थर्मोस्टॅट, पाणी ठरावीक तापमानाला रेडिएटरकडे सोडणारी झडप. दुकानात घाईत नुसतं 'हरारा' मागितलं तर यातलं काहीही हातात पडू शकतं. त्याहून वाईट म्हणजे, "शीलू बलफ", झडप काढूनच टाका, हा सल्ला. गरम मुलखात झडपेची गरज काय, असा त्यामागचा विचार. आपल्याकडेही गॅरेजमध्ये हाच सल्ला देतात. मी स्वतः पहिल्या दोन वर्षांत कितीतरी गाड्यांच्या झडपा काढून फेकल्या आणि ते चुकीचं होतं. ज्या इंजिनांत ही झडप पूर्ण उघडल्यावर बायपासची वाट बंद करते, तिथे ती काढली की बायपास कायम उघडा राहतो, थोडं पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात परत फिरतं, आणि दुपारच्या चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते. हिवाळ्यात हायवेला उलट इंजिन गरमच होत नाही आणि सेन्सर प्रामाणिकपणे तसं कळवत राहतो. मग सेन्सर बदलतात. फॅन 'डायरेक्ट' करणं, म्हणजे चावी फिरवली की फॅन सतत चालू, हे त्याचंच भावंड. अडचणीच्या वेळी घरी पोचण्यासाठी ठीक; कायमचा उपाय म्हणून ते मोटर जाळतं आणि मूळ रोग झाकतं.

तपासायची सोपी रीत एक आहे आणि तिला खर्च नाही. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी इंजिन चालू न करता फक्त चावी ऑन करा आणि स्कॅनरवर दोन आकडे पाहा, पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभरात इंजिन हवेइतकंच होतं, म्हणून दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. जूनच्या पहाटे रियाधला दोन्ही तीसच्या आसपास असतील. हवा ३१ आणि पाणी १२ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची तार पकडली गेली. मात्र मघाशी सांगितलेला गंज या परीक्षेत सुटतो, कारण तो गारपणी दिसतच नाही. त्याच्यासाठी गरम इंजिनावर इन्फ्रारेड तापमापक धरून सेन्सरच्या बुडाशी आणि स्कॅनरवर काय फरक आहे ते पाहावं लागतं. त्याचं प्रकरण वेगळं केलं आहे.

बदलण्याची कृती आकृत्यांसह सविस्तर दिली आहेच. इथे तीनच गोष्टी बोलतो, कारण याच तीन ठिकाणी माणसं भाजलेली आणि इंजिनं फुटलेली मी पाहिली. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरचं टोपण उघडू नका; सौदीच्या उन्हात "गार" व्हायला दोन तासही लागतात, तेव्हा काम पहाटे फजरच्या नमाजनंतर करा. सेन्सर आवळताना जोर लावू नका. तो ॲल्युमिनियमच्या अंगात बसतो आणि आटे गेले की पूर्ण वॉटर आउटलेट बदलावं लागतं. टोयोटाच्या बऱ्याच सेन्सरला १९ ची खोल गोटी लागते आणि २० न्यूटन मीटर पुरतात, म्हणजे नवा वॉशर दबेपर्यंत, लांब दांडी न लावता. जुन्या एकतारी सेन्सरला आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्याचं अर्थिंग इंजिनाच्या अंगातूनच मिळतं आणि टेपने ते तुटतं. आणि शेवटी हवा काढा. पाणी भरून टोपण लावून गाडी मालकाला देऊ नका. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू द्या, झडप उघडून वरचा पाइप गरम होईपर्यंत थांबा, बुडबुडे येणं थांबलं की पाण्याची पातळी पुन्हा भरा. सेन्सरपाशी हवेचा फुगा राहिला तर नवाकोरा सेन्सरही त्या मंडणगडच्या मुलाच्या सेन्सरसारखाच वागेल.

त्या मुलाला मी शेवटी जे सांगितलं ते पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापलं आहे : काटा वर गेला तर थांबा, आणि थांबायच्या आधीच एकदम खाली आला तर ताबडतोब थांबा, गाडी बंद करा, बॉनेटखालून पाणी गळतंय का ते पाहा. गाडी थांबवायला मालक रागावेल ही भीती मला माहीत आहे. जवळपास सावली नसते, हेही माहीत आहे. म्हणून मेच्या सुरुवातीपासून गाडीत पिण्याच्या पाण्याची एक पेटी वेगळी ठेवा. ती माणसासाठी, इंजिनासाठी नाही.

पहिलं प्रकरण पातेल्यातल्या प्रयोगाने सुरू होतं. तो नुसता वाचून पुढे जाऊ नका, एका शुक्रवारी करून पाहा, आकडे स्वतःच्या हाताने वहीत लिहा. त्यासाठी चहाचं पातेलं घेऊ नका. सेन्सरला चिकटलेला कूलंट चवीला गोडसर आणि विषारी असतो. खोलीतल्या सगळ्यांना सांगून एक जुनं पातेलं बाजूला काढा, त्यावर रंगाने खूण करा, आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात येऊ देऊ नका.